झोपच लागत नाही: जुन्या निद्रानाशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं झोप बिघडलेल्या माणसांचे आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा लग्नघरात डोळ्याला डोळा लागला नाही, तर त्यावर उपाय करायची गरज नसते. दोन-तीन दिवसांत झोप आपोआप ताळ्यावर येते. मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं या त्रासात काढलेली आणि त्यातून बाहेर आलेली बाई आहे. निद्राविज्ञानात जे पक्कं ठरलं आहे ते खाली दिलं आहे, आणि जिथे माझं मत आहे तिथे तसं म्हटलं आहे. तुम्हाला तपासलेले डॉक्टर याहून वेगळं सांगत असतील, तर त्यांचं ऐका.

माझा त्रास निद्रानाश म्हणावा इतका आहे का?

आठवड्यातून किमान ३ रात्री आणि सलग किमान ३ महिने झोपेची तक्रार असेल, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. तक्रार तीन तऱ्हांची असते. पडल्यावर झोप लागायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो, मधेच जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, किंवा पहाटे फार लवकर जाग येते. काहींच्या वाट्याला तिन्ही येतात.

यात दोन अटी आहेत आणि त्या लोक विसरतात. एक, झोपायला पुरेसा वेळ आणि जागा मिळत असूनही झोप येत नसली पाहिजे. रात्री एकला घरी पोचून पहाटे पाचची लोकल पकडणाऱ्या माणसाला निद्रानाश नसतो, त्याला झोपायला वेळच नसतो. दुसरी अट, दिवसावर परिणाम व्हायला हवा: चिडचिड, विसरभोळेपणा, कामात लक्ष न लागणं. सहा तास झोपून दिवसभर टवटवीत राहणाऱ्याने आठ तासांच्या मागे लागू नये. प्रौढांसाठी ७ ते ९ तास सांगितले जातात खरे, पण तो बहुतेकांचा पल्ला आहे, प्रत्येकाने गाठायचं लक्ष्य नव्हे.

ज्या कारणाने झोप गेली ते कारण केव्हाच संपलं. मग झोप परत का आली नाही?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, कारण याचं उत्तर पटलं की पुढचे उपाय विचित्र वाटत नाहीत.

आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये याची उकल मांडली. काही माणसांची झोप मुळातच हलकी असते, ती झाली पूर्वतयारी. मग काहीतरी घडतं: बाळंतपण, आईचं आजारपण, नोकरी जाणं, घरातला मृत्यू. झोप उडते. इथवर सगळं स्वाभाविक आहे. पण त्यानंतर आपण झोप परत मिळवण्यासाठी जे करतो, तेच निद्रानाशाला खतपाणी घालतं. काल झोप झाली नाही म्हणून आज नऊलाच आडवं व्हायचं. सकाळी डोळा लागला तर आठ-साडेआठपर्यंत लोळायचं. दुपारी भरपाई करायची, रविवारी उशिरा उठायचं, संध्याकाळचं कुणाकडे जाणं टाळायचं. यातली प्रत्येक गोष्ट शहाणपणाची वाटते. एकत्र आल्या की त्या माणसाचा दहा-दहा तास पलंगावर मुक्काम होतो, त्यात झोप जेमतेम पाच-सहा तास, आणि उरलेला वेळ कूस बदलण्यात, घड्याळ पाहण्यात, उद्याची धास्ती घेण्यात.

हे महिनोन्‌महिने चाललं की मेंदू धडा शिकतो: पलंग म्हणजे जागं राहायची जागा. याची खूण सांगते. सोफ्यावर टीव्हीपुढे तुमची मान कलंडते, डुलक्या येतात. उठून पलंगावर गेलात की टक्क जाग. असं होत असेल तर तुमची झोप शाबूत आहे. तिचं आणि पलंगाचं नातं तेवढं बिघडलं आहे.

दिवसभर इतका गळून गेलेला असतो, तरी रात्री झोप का येत नाही?

थकवा आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेल्या माणसाला बसावंसं वाटतं, झोप आलेल्या माणसाच्या पापण्या मिटतात. निद्रानाशाच्या माणसाला थकवा भरपूर असतो, पण झोप येत नाही.

स्विस संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये झोपेमागच्या दोन यंत्रणा सांगितल्या आणि त्या आजही मानल्या जातात. पहिली, झोपेची ओढ. जागं असताना मेंदूत अॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि ओढ वाढते. ही भुकेसारखी आहे: चार वाजता पोटभर मिसळ खाल्ली तर आठला जेवण जात नाही, तशीच दुपारी तासभर झोप काढली तर रात्रीची ओढ मरते. दुसरी यंत्रणा शरीराच्या घड्याळाची. सकाळचा उजेड आणि उठण्याची ठरावीक वेळ यांवर ते घड्याळ लागतं.

या दोन्ही नीट चालत असल्या तरी तिसरी गोष्ट त्यांना हरवू शकते, ती म्हणजे सावधपणा. संकट आलंय असं वाटलं की शरीर झोप रोखून धरतं. रानात वाघ असताना झोप न लागणं हे जगण्यासाठी योग्यच होतं. अडचण अशी की ‘आजही झोप लागली नाही तर?’ ही भीतीसुद्धा शरीराला संकटच वाटते.

मग पहिला उपाय कोणता?

सीबीटी-आय. निद्रानाशासाठी खास बनवलेली ही वर्तन आणि विचार बदलण्याची उपचारपद्धती आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये आणि युरोपीय निद्रासंशोधन संस्थेने २०१७ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार करावा असं सांगितलं. साधारण सहा ते आठ भेटींत तो पूर्ण होतो आणि उपचार थांबल्यावरही परिणाम टिकतो.

त्याचे दोन कणे आहेत: पलंगावरचा वेळ आखणे आणि पलंगाशी झोपेचं नातं पुन्हा जोडणे. बाकी शिथिलीकरण, काळज्यांची वही, चहा-कॉफीची पथ्यं हे सगळं पूरक. आपल्याकडे बहुतेकांना ही पूरक पथ्यंच सांगितली जातात, ‘मोबाईल बघू नका, गरम दूध प्या’, आणि तेवढ्याने काही होत नाही म्हणून माणूस निराश होतो. नुसत्या पथ्यांनी जुना निद्रानाश सहसा जात नाही, हे आधीच कळलेलं बरं.

पलंगावरचा वेळ आखणे म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी दोन आठवडे साधी वही लिहा. रात्री किती वाजता आडवे झालात, अंदाजे किती वाजता झोप लागली, मधे किती वेळ जागे होता, सकाळी कधी उठलात. सकाळी चहाबरोबर अंदाजाने लिहायचं, रात्री घड्याळ बघून नाही.

समजा वहीतून असं निघालं की तुम्ही रात्री १० ते सकाळी ७ असे ९ तास पलंगावर असता आणि त्यात सरासरी ६ तास झोपता. तर आता पलंगावरचा वेळही ६ तासच ठेवायचा. उठायची वेळ आधी ठरवा, ती सुट्टीच्या दिवशीही बदलायची नाही. सकाळी ६ ठरली तर झोपायला जायचं रात्री १२ ला, त्याआधी नाही. दुपारची झोप बंद. आठवडाभराने हिशेब करा: पलंगावरच्या वेळेपैकी ८५ टक्के वेळ झोपेत गेला का? ६ तासांत ५ तास २० मिनिटं झोपलात तर ते सुमारे ८९ टक्के होतात. मग वेळ १५ मिनिटांनी वाढवा, म्हणजे पुढच्या आठवड्यात पावणेबाराला झोपायला जायचं. ८५ टक्के गाठले नसतील तर आहे तेच चालू ठेवा. असं करत करत, दिवस चांगला जाईल एवढ्या तासांपर्यंत पोचायचं.

आधीच झोप कमी, त्यात आणखी कमी करायची हे ऐकून राग येतो. पण इथे झोप कमी करायची नाहीये, जागं लोळणं कमी करायचं आहे. ओढ साठते, झोप सलग होते आणि पलंगावर पडताच डोळे मिटतात ही विसरलेली गोष्ट शरीराला पुन्हा सापडते.

पहिला आठवडा, कधीकधी दुसराही, अवघड जातो. दहा-साडेदहाला डोळ्यांवर झापड येते आणि बारापर्यंत जागायचं असतं. त्या वेळेसाठी उभ्याने करायचं काम ठेवा: इस्त्री, कपड्यांच्या घड्या, उद्याच्या भाजीची तयारी. याच टप्प्यावर बहुतेक जण सोडून देतात, म्हणून मी आग्रहाने सांगते की घरात एकाला तरी हे काय चाललंय ते समजावून सांगा आणि त्यांची सोबत घ्या.

पलंगावरचा वेळ पाच तासांच्या खाली कधीही नेऊ नये. अनेक तज्ज्ञ साडेपाचची मर्यादा पाळतात. अपस्मार म्हणजे फिट्स, बायपोलर आजार किंवा झोपेत चालण्याची सवय असेल, तर हा भाग स्वतःच्या मनाने अजिबात करू नका, कारण झोप कमी पडल्याने हे आजार उसळू शकतात. एसटी, ट्रक, रिक्षा चालवणारे आणि यंत्रावर काम करणारे यांनीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा. पहिल्या दोन आठवड्यांत स्कूटरवर पेंग येत असेल तर स्कूटर घरी ठेवा.

‘झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा’ म्हणतात. आमच्याकडे दुसरी खोलीच नाही. काय करू?

हा सल्ला रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ सालचा. त्यातला गाभा खोलीचा नाही, अंथरुणाचा आहे. साधारण पंधरा-वीस मिनिटं झाली असं वाटलं, किंवा वैताग यायला लागला, की अंथरूण सोडायचं. वेळ घड्याळात बघायची नाही. घड्याळ पाठमोरं करा, मोबाईल हाताला लागणार नाही असा ठेवा.

वन रूम किचनमध्ये किंवा चाळीतल्या खोलीत सगळे ओळीने झोपलेले असतील, तर स्वयंपाकघरात ओट्याशेजारी एक खुर्ची किंवा पाट ठेवा. तेही शक्य नसेल तर गादीवरून उठून भिंतीला टेकून चटईवर बसा. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांचा उलट एक फायदा आहे, तो पलंगवाल्यांना नाही: सकाळी अंथरूण गुंडाळून ठेवलं की दिवसभर त्यावर लोळणं होतच नाही.

बसून काय करायचं? कंटाळवाणं पण हाताला गुंतवणारं काहीतरी. शेंगा सोलणं, लसूण सोलणं, विणकाम, जपमाळ ओढणं, आधी वाचलेलं पुस्तक मंद दिव्यात चाळणं. पापण्या जड झाल्या की पुन्हा आडवं व्हायचं, झोप लागली नाही तर पुन्हा उठायचं. पहिल्या रात्रींत चार-पाच वेळाही उठावं लागतं. बाकी नियम सोपा: पलंग झोपेसाठी आणि शरीरसंबंधासाठी. जेवण, हिशेब, बातम्या, भांडण, अभ्यास यांतलं काहीही तिथे नको.

पडल्या पडल्या झोप लागावी म्हणून मनाने काय करावं?

यात हमखास कळ दाबण्यासारखं काही नाही आणि ‘आता हे केलं की झोप आली पाहिजे’ अशा हट्टाने केलं तर कुठलीही युक्ती उलटते. तरीही उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी आहेत.

काळज्या संध्याकाळीच कागदावर उतरवा. जेवणाआधी पंधरा मिनिटं बसायचं, डावीकडे काळजी, उजवीकडे तिच्यासाठी उद्या करायचं पुढचं एक पाऊल. ‘हप्ता भरायचा राहिलाय’ याच्यापुढे ‘दुपारी बँकेत फोन’. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर प्रयोग केला. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटं आधी झोप लागली. ते तरुण निरोगी होते आणि एका रात्रीचाच तो प्रयोग, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण वही-पेनाला खर्च येत नाही.

डोकं शब्दांनी भणभणत असेल तर कॅनडातले संशोधक लुक बोदवां यांची युक्ती करून बघा. एक साधा शब्द घ्यायचा, समजा ‘कमळ’. क वरून सुचतील त्या वस्तू एकेक करून डोळ्यांपुढे आणायच्या: कणीस, कंदील, कासव, कपबशी. प्रत्येक चित्र काही क्षण बघायचं आणि सोडायचं. सुचेनासं झालं की म: मका, मोर, मडकं. चित्रांचा एकमेकांशी संबंध नको. गोष्ट गुंफली गेली नाही की काळजीलाही धागा मिळत नाही. मला स्वतःला सगळ्यांत जास्त उपयोग याचा झाला.

एडमंड जेकबसन यांचं स्नायू-शिथिलीकरण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं आहे. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक स्नायूगट पाच-सात सेकंद आवळायचा आणि मग एकदम सैल सोडायचा. पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा. हे आधी दिवसा शिकावं, रात्री तीनला पहिल्यांदा करू नये. शवासन किंवा योगनिद्रा येत असेल तर तेच चालेल.

आणि ज्यांची झोप ‘लागेल की नाही’ या धास्तीनेच उडते, त्यांच्यासाठी उलटा उपाय: अंधारात डोळे उघडे ठेवून पडायचं आणि हळुवारपणे जागं राहायचा प्रयत्न करायचा. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी ही कल्पना मांडली. झोपेचा पाठलाग थांबला की सावधपणा उतरतो.

काशाच्या वाटीने तळपाय घासणं, गरम दूध, जायफळ: आजीच्या उपायांत तथ्य आहे का?

तळपायांच्या उपायात आहे. झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान उतरतं, आणि ते उतरण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या उघडून उष्णता बाहेर जावी लागते. पाय उबदार असलेल्यांना झोप लवकर लागते, असं स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांना १९९९ मध्ये आढळलं. झोपण्याआधी एक-दोन तास दहा मिनिटं गरम पाण्याने अंघोळ किंवा पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवणं, यामागेही हेच कारण. खोबरेल तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने पाय घासून घेण्यात उबेखेरीज आणखी एक गोष्ट असते: कुणीतरी आपल्याजवळ बसून मायेने हात फिरवत असतं. तीही कमी समजू नका. मधुमेहामुळे पायांना संवेदना कमी असेल तर पाण्याचा गरमपणा दुसऱ्याने तपासावा.

दुधाने झोप येते याला भक्कम पुरावा नाही, पण प्यायला हरकतही नाही. जायफळ मात्र चिमूटभरच. झोप येत नाही म्हणून मात्रा वाढवत गेलात तर ते विषारी ठरतं. काही ग्रॅम पोटात गेल्यावर छातीत धडधड, उलट्या आणि भ्रम झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अश्वगंधेचे काही छोटे अभ्यास आशादायक आहेत, पण यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत आणि थायरॉईडच्या गोळ्यांवर तिचा परिणाम होऊ शकतो. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

संध्याकाळचा चहा सोडावाच लागेल का?

चहा-कॉफीतलं कॅफीन अॅडेनोसिनची जागा अडवतं, म्हणून झोपेची ओढ जाणवत नाही. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकराला अंगात असतं. महिनाभर दुपारी दोननंतर चहा बंद करून वहीत फरक बघा. फरक पडला नाही तर चारचा अर्धा कप परत सुरू करा. घरातल्या चारच्या चहाची गंमत उगाच घालवू नये.

थोडी दारू घेतली की झोप लागते. मग काय बिघडलं?

लागते लवकर, आणि उत्तररात्री मोडते. घोरणं वाढतं, पहाटे जाग येते, आणि तेवढ्याच झोपेसाठी पुढे पेल्याचं माप वाढत जातं. निद्रानाशावरचा उपाय म्हणून दारू नकोच.

मोबाईलचा निळा प्रकाश हाच खरा गुन्हेगार ना?

प्रकाशाचा परिणाम होतो, पण जितका गवगवा झाला तितका नाही. मोबाईलवर आपण काय बघतो त्याने जास्त झोप उडते: ऑफिसचा ग्रुप, शेअर बाजार, सोसायटीतली भांडणं. मनगटावरचं झोप मोजणारं यंत्रही काही काळ काढून ठेवा. गाढ झोप किती मिनिटं झाली याचे त्यांचे आकडे अंदाजे असतात, आणि ते बघून सकाळीच ‘आपला दिवस वाईट जाणार’ असं माणूस ठरवून टाकतो.

मी कित्येक वर्षं झोपेची गोळी घेतेय. बंद करू का?

एकदम बंद करू नका. ही या पानावरची सगळ्यात गंभीर सूचना आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गटातली गोळी बराच काळ घेऊन अचानक सोडली तर झोप पूर्वीपेक्षा वाईट होते, हात थरथरतात, धडधड होते आणि फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने, काही आठवडे ते काही महिने घेत, थोडी थोडी कमी करत नेतात. सीबीटी-आय सोबत चालू असेल तर सोडणं सोपं जातं.

गोळी कमी केल्यावर दोन-तीन रात्री वाईट जातात. तेव्हा ‘मला गोळीशिवाय झोपच नाही’ असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात तो गोळी उतरण्याचा परिणाम असतो आणि तो ओसरतो.

गोळ्या वाईटच असं माझं म्हणणं नाही. मोठ्या दुःखात, शस्त्रक्रियेनंतर, थोड्या दिवसांसाठी त्या आधार देतात. त्रास होतो तो चार दिवसांची गोळी चार वर्षं चालते तेव्हा. वयस्कांमध्ये तोल जाऊन पडणं, खुब्याचं हाड मोडणं, विसरभोळेपणा हे धोके खरे आहेत. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी सुरुवातीचा डोस निम्मा केला, आणि २०१९ मध्ये झोपेत चालणं, गाडी चालवणं यांसारख्या प्रकारांबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. भारतात अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम २०१४ पासून एच-१ परिशिष्टात आहेत, म्हणजे केमिस्टने चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी. शेजारणीच्या डब्यातली गोळी घेऊ नका, आणि आपली कुणाला देऊ नका. दारूसोबत तर यातली कुठलीच गोळी नको, श्वास मंदावतो.

सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांनी गुंगी येते म्हणून रोज त्या घेणारेही आहेत. काही दिवसांत गुंगी कमी होते आणि तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, वयस्कांमध्ये गोंधळलेपणा मागे राहतो. मेलाटोनिन हे मुळात शरीराला ‘अंधार झाला’ असा संदेश देणारं संप्रेरक आहे. विमानप्रवासाने किंवा झोपेची वेळच पुढे सरकल्याने होणाऱ्या त्रासात ते उपयोगी आहे, जुन्या निद्रानाशात त्याचा परिणाम थोडाच.

दररोज रात्री तीनला जाग येते. शरीरात काही बिघाड आहे का?

बहुधा नाही. झोप साधारण दीड-दीड तासाच्या आवर्तनांत चालते, आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी सगळेच जण क्षणभर जागे होतात. चांगल्या झोपेच्या माणसाला ते सकाळी आठवत नाही. गाढ झोप पूर्वरात्री उरकते, म्हणून तीनची जाग ठळक असते. त्या क्षणी घड्याळ बघितलं की हिशेब सुरू होतो: ‘अजून तीनच तास उरले.’ घड्याळ न बघणं हा इथला अर्धा उपाय आहे.

वय वाढलं की झोप हलकी होते आणि वेळही अलीकडे सरकते. साडेआठला झोपून तीनला उठणाऱ्या आजोबांची झोप साडेसहा तास झालेली असते. त्यांना गोळीपेक्षा संध्याकाळच्या उजेडात फेरफटका आणि उशिरा झोपणं जास्त उपयोगी पडेल. चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रियांना अंगातून वाफा निघून घामाने जाग येत असेल तर ती पाळी जातानाची लक्षणं असू शकतात. त्यावर वेगळे उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. सोसत बसू नका.

पहाटेच्या जागेबरोबर मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर सकाळची वाट बघू नका: सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

निद्रानाशाआड दुसरा आजार लपलेला असू शकतो का?

हो, आणि दोन आजार तर सर्रास निसटतात. पहिला, झोपेत श्वास अडण्याचा. जोरात घोरणं, मधेच श्वास थांबून गुदमरल्यासारखं दचकणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा बसल्या बसल्या पेंगणं. बाईचं घोरणं आपल्याकडे लाजेखातर सांगितलं जात नाही, म्हणून तिचा आजार जास्त वर्षं लपतो. याची तपासणी रात्रभर झोपेच्या नोंदीतून होते.

दुसरा, पायांचा. संध्याकाळ झाली की पायात ओढल्यासारखं, वळवळल्यासारखं होतं, हलवावेसे वाटतात, चाललं की बरं वाटतं. कुणी म्हणतं थकवा, कुणी म्हणतं सवय. यामागे बरेचदा लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा कमी असू शकतो, म्हणून फेरिटिनची तपासणी करायला सांगा. या त्रासात ते ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात.

असंच चाललं तर मी वेडी होईन किंवा मरेन का?

नाही. ही भीती रात्री फार खरी वाटते, म्हणून सविस्तर सांगते. १९६४ च्या जानेवारीत संपलेल्या एका प्रयोगात सॅन दिएगोचा १७ वर्षांचा रँडी गार्डनर सलग सुमारे २६४ तास, म्हणजे ११ दिवस, जागा राहिला. त्याची स्मृती आणि मनःस्थिती बिघडली, पण नंतर सुमारे १४ तास झोपून तो सावरला. गमावलेला प्रत्येक तास शरीर परत मागत नाही. आधी गाढ झोप भरून काढतं. (कुणी असा प्रयोग करू नये, तो धोक्याचा आहे.) तुमची अवस्था तर याहून पुष्कळ सौम्य आहे. ‘रात्रभर डोळा लागला नाही’ असं सांगणाऱ्या अनेकांच्या मेंदूची नोंद घेतल्यावर काही तास झोप दिसते. त्यांचा त्रास खोटा नसतो. मेंदूचा काही भाग सावध राहिल्याने ती झोप झोपेसारखी वाटत नाही.

दीर्घकाळच्या निद्रानाशाने नैराश्याची शक्यता वाढते हे मात्र खरं, आणि उपचार घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

खिडकीबाहेर रात्री बारापर्यंत डीजे असतो. त्याचं काय?

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकांना बंदी आहे. सणांच्या मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ११२ वर तक्रार करता येते. आजारी, म्हातारी आणि तान्ही बाळं असलेल्या वस्तीत हा हक्क मागण्यात संकोच वाटायचं कारण नाही. उरलेल्या आवाजासाठी फोमचे कानातले बोळे किंवा पंख्याचा सलग आवाज.

घरच्यांनी कसं वागावं?

सकाळी उठल्याबरोबर ‘झोप लागली का?’ विचारू नये. तो प्रश्न रोज परीक्षेच्या निकालासारखा लागतो. ‘विचार करू नकोस म्हणजे झोप येईल’ हेही नको. रात्री तुमचं माणूस स्वयंपाकघरात बसलेलं दिसलं तर ते उपचारच करतंय, हे समजून घ्या आणि दिवा न लावता पाणी पिऊन परत झोपा. सूनबाई बारापर्यंत जागी असते आणि दुपारी झोपत नाही, यावर कुणी टोमणे मारू नयेत. सकाळी सहाला तिच्यासोबत गच्चीवर किंवा अंगणात उजेडात चहा प्यायलात तर तिला सगळ्यात मोठी मदत होईल.

झोप सुधारली आणि परत बिघडली तर?

बिघडणारच, अधूनमधून. एक-दोन वाईट रात्रींसाठी काहीही करायचं नाही: लवकर आडवं व्हायचं नाही, उशिरा उठायचं नाही, दुपारी झोपायचं नाही. दोन आठवडे सलग वाईट गेले तर वही पुन्हा काढा, पलंगावरचा वेळ पुन्हा आखा. दुसऱ्या वेळी हे पुष्कळ लवकर जमतं, कारण पहिला आठवडा कसा जातो ते आता माहीत असतं.

कोणत्या डॉक्टरांकडे जाऊ?

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करा. थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि चालू औषधं ते बघतील. घोरणं असेल तर कान-नाक-घसा किंवा छातीविकारतज्ज्ञ, पायांसाठी मेंदूविकारतज्ज्ञ, गोळ्या सोडण्यासाठी आणि उदासीसाठी मनोविकारतज्ज्ञ. सीबीटी-आयसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना फोनवरच थेट विचारा की तुम्ही निद्रानाशासाठीची ही पद्धत वापरता का. सगळेच वापरत नाहीत. ऑनलाइन भेटीतही हा उपचार चांगला होतो, त्यामुळे गडचिरोली किंवा सिंधुदुर्गात राहणाऱ्याने पुणे-मुंबईच्या खेपा घालायची गरज नाही. पहिल्या भेटीला दोन आठवड्यांची वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि शक्य असेल तर रात्री शेजारी झोपणारं माणूस सोबत न्या. घोरण्याबद्दल आणि पायांबद्दल तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत असतं.